ढब्बूच्या वाडग्यातलं

ताई मांजर घेऊन कारखान्यात आली तेव्हा धाकट्याच्या तोंडात चुका होत्या. कारखाना म्हणायचं ते आपलं बोलायला. एक लांबट खोली, भिंतीला टेकून कापडाचे गठ्ठे, कोपऱ्यात फोमच्या लाद्या आणि मधोमध कुणाचा ना कुणाचा पोट फाडून ठेवलेला सोफा. सोफ्याला कापड चढवायचं म्हणजे एका हाताने ते ताणायचं, दुसऱ्या हाताने ठोकायचं. मग बारीक खिळे ठेवायचे कुठे? म्हणून या धंद्यातली जुनी माणसं चुका ओठांत धरतात आणि जिभेने एकेक पुढे सरकवतात. धाकट्याचा जन्म त्यात गेला होता. साठी उलटली होती, डोक्यावर काळा केस औषधालाही उरला नव्हता, तरी तो अजून 'धाकटा'च होता. कारण त्याला तशी हाक मारणारी थोरली बहीण अजून खमकी होती, आणि तिचं ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही त्याला तेच म्हणत.

ताईने टोपली टेबलावर ठेवली, शेजारी एक जड पिशवी ठेवली आणि सूचना द्यायला सुरुवात केली. तिने सगळी नोकरी इस्पितळात काढली होती, शेवटची बरीच वर्षं मेट्रन म्हणून. त्यामुळे भाजी आणायला सांगितली तरी ऐकणाऱ्याला वाटे, आपल्याला वॉर्ड ताब्यात दिला जातोय.

"हे हिचं खाणं. सकाळी अर्धी वाटी, संध्याकाळी अर्धी. पाणी लांब ठेवायचं, खाण्याला खेटून ठेवलं तर ती पीत नाही. आणि ढब्बूचं खाणं हिला द्यायचं नाही."

ढब्बू म्हणजे धाकट्याचा कुत्रा. नावाप्रमाणेच होता. आपलं नाव ऐकून त्याने शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा डोळे मिटले.

धाकट्याने चुका तळहातावर काढल्या. "का गं? ढब्बूच्या खाण्यात काय विष असतं?"

"विष कशाला असेल? पण ते कुत्र्याचं आहे. मांजराला मांजराचंच लागतं. कळलं?"

"कळलं गं बाई."

"नुसतं कळलं म्हणू नकोस. तुझं कळणं मला माहितेय. आयुष्यभर तोंडात चुका धरून बसलास, पण 'माझं चुकलं' एवढं काही त्या तोंडातून कधी बाहेर पडलं नाही."

दोघंही हसली. टोपलीतून एक काळंभोर तोंड वर आलं आणि पुन्हा आत गेलं. ती शाई. ताईचे यजमान गेल्यानंतरच्या वर्षी ती तिच्या दारात आली आणि तिथलीच झाली. ताई तिच्याशी दिवसभर बोलत असे, आणि ते कुणी पाहिलं की आपण फोनवर बोलत होतो असं दाखवत असे.

आता ताईच्या मुलीला जुळं होणार होतं. ती राहायची दूरच्या शहरात, आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचंच नाही असं बजावलं होतं. "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे," ताई म्हणाली. शाईच्या कानामागे दोन बोटांनी खाजवलं आणि मागे न बघता निघून गेली. वळून बघितलं असतं तर तिला जाववलं नसतं, हे धाकट्याला कळलं.

ती दोघं लहान असतानाच आई गेली होती. तेव्हापासून ताईच त्याची आई झाली. बुटाच्या नाड्या बांधण्यापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत सगळं तिने केलं, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर सूचनाही दिल्या. त्या त्याने अर्ध्याच कानाने ऐकल्या. तिच्यावर जीव नव्हता असं नाही. सूचना इतक्या असत की सगळ्या ऐकल्या तर माणसाला दुसरं काही करायला वेळच उरला नसता. काही अडलं की ताई होतीच निस्तरायला.

सुरुवातीला त्याने तिचं म्हणणं अगदी काटेकोर पाळलं. शाई मात्र कापडाच्या सगळ्यात वरच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली आणि खाली यायलाच तयार होईना. तिचं खाणं तसंच पडून राही. तो शिडीवर चढून वाटी वर नेई, गोडीगुलाबीने बोले, शेवटी चिडून म्हणे, "बाई, उपाशी मेलीस तर ती मेट्रन माझा जीव घेईल." शाई नुसती बघे. बरगड्या दिसायला लागल्या. धाकट्याला कामात लक्ष लागेना.

आणि मग एका दुपारी तो हात धुऊन येतो तर काय, ढब्बू वाडग्यात तोंड घालून खातोय आणि त्याच्याच वाडग्यात, त्याच्या जबड्याला खेटून, शाई कुडुमकुडुम करत खातेय! ढब्बूने एवढंच केलं होतं, की जरा बाजूला सरून तिला जागा दिली होती. धाकटा दारातच उभा राहिला. त्याला इतका आनंद झाला की समोरच्या चावीवाल्याला त्याने हाक मारून बोलावलं. "बघ बघ, नवराबायको एवढ्या गुण्यागोविंदाने जेवत नाहीत!"

दुसऱ्या दिवशी ढब्बूची गोणी सांगायला तो जनावरांच्या खाण्याच्या दुकानात गेला तेव्हा त्याने मुद्दाम विचारलं. विचारलं नाही, असं नव्हतं. "काय हो, मांजराने कुत्र्याचं खाल्लं तर काही होतं का?"

दुकानवाली फळीवरचे डबे लावत होती. "एखाद वेळी खाल्लं तर काही होत नाही," ती म्हणाली. पुढेही ती बोलत होती. पण बाहेर त्याचा टेम्पो दुसऱ्याच्या दारात आडवा उभा होता, कुणीतरी भोंगा दाबून धरला होता आणि धाकटा "आलो, आलो" करत पळत सुटला. त्याने बरोबर नेले ते तीनच शब्द. काही होत नाही.

ताईने दिलेला साठा संपला. नवा आणायला हवा होता, पण शाई त्याला तोंड लावत नव्हती आणि ढब्बूची गोणी घरपोच येत होती. आज आणू, उद्या आणू करता करता आणायचं राहून गेलं, आणि पुढे आणायचं होतं हेही राहून गेलं. खरं सांगायचं तर त्यात एक गंमतही होती. ताई एवढं बजावून गेली, आणि तिचं मांजर कुत्र्याच्या वाडग्यातलं खाऊन चांगलं गुबगुबीत झालं होतं. परत आली की तिला दाखवू, उगाच बाऊ करत होतीस म्हणून. थोरल्या बहिणीला एकदा तरी खोटं पाडायची हौस साठीतही जात नाही.

चार महिन्यांचं दीड वर्ष झालं. जुळी मुलं अशक्त निघाली, मुलीची नोकरी, जावयाची बदली, एकामागून एक काहीतरी निघत गेलं. ताई फोन करी तेव्हा मागे कुणीतरी रडत असे.

"शाई खाते ना नीट?"

"खाते म्हणजे? वाडगा चाटूनपुसून लख्ख करते!"

"बरं बाई," ताई म्हणे, आणि लगेच, "अरे, तो पडला बघ, ठेवते," म्हणून फोन बंद होई.

शाई वरच्या गठ्ठ्यावर चढेनाशी झाली, तेव्हा धाकट्याला वाटलं, आता माणसाळली. एकदा ती टेबलावर उडी मारायला गेली आणि कडेला आपटून खाली पडली, तेव्हा तो हसला. "अगं, ढब्बूसारखी झालीस की तूही!" ती दिवसेंदिवस जास्त झोपायला लागली. तिचे डोळे मोठे दिसायला लागले, भर उन्हातही काळेभोर, गोल. गिऱ्हाइकं कापडाचे नमुने बघता बघता थांबत. "काय डोळे आहेत हो हिचे!" आणि धाकटा जसा काही ते त्यानेच बनवले असावेत तसा फुशारून जाई.

सगळ्यांना जास्त कौतुक वाटे ते तिच्या चालण्याचं. ढब्बू उठला की ती उठे. त्याच्या कुशीला आपली कूस लावून त्याच्याबरोबर पाण्यापर्यंत जाई, त्याच्याबरोबरच परत येई. ढब्बू थांबला की थांबे. कुत्र्यावर एवढी माया करणारं मांजर कुणी पाहिलं नव्हतं.

मग एका जुन्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं. खुर्च्या इतक्या की धाकट्याला कारखान्यातलं सगळं हलवावं लागलं. टेबल खिडकीशी, फोम दाराशी, पाण्याचं भांडं मागच्या मोरीजवळ. ढब्बू बाहेर पायरीवर ऊन खात होता. शाई झोपेतून उठली, आळस दिला आणि रोजच्या वाटेने निघाली. ती सरळ चालत आली आणि खुर्चीच्या लोखंडी पायावर तिचं तोंड आपटलं. ती मागे सरली. जरा उजवीकडून निघाली, तिथेही खुर्ची. पुन्हा आपटली. मग ती जागच्या जागी खाली बसली, मान ताठ केली आणि ओरडली. असलं ओरडणं धाकट्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तो गुडघ्यांवर बसला. हातातला दाभण तिच्या डोळ्यांपुढे नेला, टोक आपल्याकडे करून. चकचकीत दाभण, त्यावर खिडकीचा उजेड. इकडून तिकडे फिरवला. ते मोठे काळे सुंदर डोळे हलले नाहीत. त्याने तिला उचललं तर तिच्या छातीत एवढी धडधड होती आणि श्वास एवढा वर लागला होता, की तो तसाच उठला, शर्टाला लागलेले दोरे न झटकता, आणि टोपली घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होती. तिने दिवा लावून शाईच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. छातीला नळी लावली, मशीनवर तिचं हृदय पाहिलं. मग विचारलं, "खायला काय देता हिला?"

"ढब्बूचंच. माझा कुत्रा आहे," धाकटा म्हणाला. सवयीने त्याच्या तोंडावर हसू आलं. "एकाच वाडग्यात खातात दोघं."

"रोज?"

"रोज."

"किती दिवस झाले?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण धाकट्याचं हसू मावळलं. त्याने सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"काका, मांजराला टॉरिन नावाची एक गोष्ट लागते. कुत्र्याचं शरीर ती स्वतः तयार करतं. मांजराला ते पुरेसं जमत नाही, तिला ती खाण्यातूनच मिळावी लागते. म्हणून मांजराच्या खाण्यात ती घातलेली असते. कुत्र्याच्या खाण्यात असेलच असं नाही, कारण त्याला गरज नसते. मांजराने एक-दोनदा कुत्र्याचं खाल्लं तर काही बिघडत नाही. पण महिनोन् महिने तेच खाल्लं तर डोळ्यांचा आतला पडदा झिजत जातो. आणि हृदय सैल पडतं."

"दुकानात मला म्हणाल्या की काही होत नाही."

"एखाद वेळी, असं म्हणाल्या असतील."

तसंच म्हणाली होती ती. धाकट्याला आता सगळं वाक्य आठवलं. भोंग्याच्या आवाजात त्याच्या पाठीमागून आलेलंही आठवलं. 'रोजचं मात्र करू नका हं.' ते त्याच्या कानावर पडलं होतं. दीड वर्ष ते कानात पडून होतं आणि त्याने ते उचललं नव्हतं.

"औषध?" त्याने विचारलं.

"हृदयासाठी आहे. टॉरिन सुरू करू, खाणं आजपासून बदला. बरीच मांजरं त्यातून सावरतात. डोळे..." ती थांबली. "डोळे परत येत नाहीत, काका. सहा-सात महिन्यांपूर्वी आणली असतीत तर थोडी नजर वाचली असती. मांजरं लपवतात. जागा पाठ करतात, कुणाच्या तरी आधाराने चालतात. घरच्यांच्या लक्षातच येत नाही."

धाकट्याला ढब्बूच्या कुशीला लागून चालणारी शाई दिसली. ज्याला सगळे माया म्हणत होते, ती तिची भिंत होती. आणि तो लोकांना बोलावून बोलावून ते दाखवत होता.

कारखान्यात परत येऊन त्याने आधी सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्या. टेबल, फोम, पाण्याचं भांडं होतं तिथे नेऊन ठेवलं. नाट्यगृहाच्या माणसाला कळवलं की काम दुसऱ्याला द्या. मग संध्याकाळी ताईला फोन लावला. कसं सांगायचं याची त्याने वाटेत जुळवाजुळव केली होती, दुकानवाली, भोंगा, खाणं तसंच राहायचं ते. पण ताईचा आवाज ऐकला आणि त्यातलं काही तोंडातून निघेना.

"ताई, शाई आंधळी झाली. माझ्यामुळे झाली. मी तिला ढब्बूचं खायला घालत होतो."

मागे रडणारं पोर त्या दिवशी गप्प होतं.

"श्वास कसा आहे?" ताईने विचारलं. मेट्रनच्या आवाजात. "औषध कितीदा सांगितलंय? कोण देतं? तूच? तोंड उघडून आत घालतोस की खाण्यात?" त्याने एकेकाचं उत्तर दिलं. ती रागवेल याची तो वाट बघत होता. त्याला ते हवं होतं. लहानपणी ती एक धपाटा घाली आणि गोष्ट मिटे. पण ताई म्हणाली, "बरं. येते मी," आणि फोन ठेवला.

ती आली तेव्हा प्रवासाची बॅगही तिने घरी टाकली नव्हती. शाई ढब्बूच्या पोटाशी झोपली होती. ताईने हाक मारली नाही. ती अर्धवट बांधलेल्या सोफ्याच्या कडेवर बसली आणि हात जमिनीपाशी नेला. शाईचं नाक हललं. ती उठली, पण ढब्बू उठला नाही तशी थबकली, आणि आवाज न करता तोंड उघडून मिटलं. मग ताईच सरकत सरकत तिच्यापाशी गेली.

"मला बोल काहीतरी," धाकटा म्हणाला. "चार शिव्या दे."

"कशाला? त्याने तिला दिसणार आहे?"



जरा वेळाने ताई म्हणाली, मांजराकडे बघतच, "मी तरी काय केलं? फोनवर विचारायची, खाते का? काय खाते, असं एकदाही विचारलं नाही. इस्पितळात नवीन पोरींना मी यावरून रडवलंय. पेशंट जेवला का विचारू नका, काय जेवला ते विचारा म्हणून." तिने पदराने डोळे टिपले. "चार महिने सांगून गेले आणि बसले तिकडे. जुळ्यांच्या नादात हिची आठवणसुद्धा कधी कधी चार चार दिवस यायची नाही."

"तुझं काही चुकलं नाही, ताई. तू सांगून गेली होतीस."

"हो, सांगून गेले होते," ताई म्हणाली. एवढं एकच वाक्य तिने त्याला लावून म्हटलं. पण ते त्याच्या मनात असं रुतलं की पुढे कितीतरी दिवस हातोडी उचलली की त्याला तेच ऐकू येई.

ती शाईला घरी घेऊन गेली. पण शाईला ते घर आठवत नव्हतं, किंवा आठवत असलं तरी डोळ्यांनी आठवत होतं. ती कपाटाखाली शिरली. बाहेर निघाली की दोन पावलं जाई, कशावर तरी आपटे आणि तिथेच बसून ओरडे. ताईने फर्निचर भिंतीला लावलं, जमिनीवर चटया टाकल्या, स्वतः रांगत तिच्यापुढे चालली. शाई ऐकून घेई आणि पुन्हा ओरडे. खाणं तर बंदच. इकडे ढब्बूही दाराशी जाऊन हुंगत राही.

त्याच आठवड्यात ताई टोपली घेऊन परत कारखान्यात आली. टोपली तिने जमिनीवर ठेवली. ढब्बू लटपटत जवळ आला. शाई बाहेर निघाली, हवेत दोनदा पंजा मारला, तिला त्याची कूस सापडली आणि ती तिला टेकली. ते बघून ताईच्या चेहऱ्यावर जे आलं ते धाकट्याला बघवलं नाही. तो उगाच सुतळीचा गुंडा सोडवत बसला.

"राहू दे इथेच," ताई म्हणाली. "तिचं घर आता हेच."

म्हणजे मांजराचे डोळेही गेले आणि ताईचं मांजरही गेलं. एवढं सगळं एका वाडग्याने केलं.

ताई आता बहुतेक दुपारी येते. शाईला कुशीत घेऊन बसते, तिच्याशी उघड बोलते, फोनचं सोंग करत नाही. ऊन उतरलं की एकटी घरी जाते. शाईची छाती आता तेवढी धडधडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, हृदय चांगलं सावरतंय. तिचं खाणं टेबलावर असतं आणि ढब्बूचं बाहेर पायरीवर. धाकटा दोघांच्या मध्ये उभा राहतो, वाडगे रिकामे होईपर्यंत. समोरचा चावीवाला म्हणतो, "एवढं कशाला? कुत्र्याला एखादा घास मांजराचा मिळाला तर काही होत नाही." धाकटा जागचा हलत नाही.

त्याला एकच घोर आहे. ढब्बू म्हातारा झालाय. मागचे पाय उचलताना कण्हतो, आणि तेरा वर्षांच्या एवढ्या जड कुत्र्याला पुढे किती दिवस असतात हे कुणी सांगायला नको. म्हणून सकाळी काम सुरू करायच्या आधी धाकटा चपला काढतो, शाईच्या शेजारी उभा राहतो आणि आपली पोटरी तिच्या अंगाला लावतो. मग पाय न उचलता, घासत घासत, पाण्याच्या भांड्याकडे निघतो. कधी ती दोन पावलं येते आणि थांबते. कधी मागे वळून ढब्बूला शोधते. कधी, क्वचित, शेवटपर्यंत येते. दारात गिऱ्हाईक आलेलं असतं, खुर्ची खांद्यावर घेऊन घाईत.

"जरा थांबा," धाकटा मान न वळवता म्हणतो, आणि पुढचं पाऊल सरकवतो.